वावडीवरची भाकर
नातवाच्या मळणीयंत्रातून ज्वारीचं भूस उडालं आणि त्या कोरड्या, नाकात हुळहुळणाऱ्या वासानं आमचं जुनं खळं आठवलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बैलांनी ज्वारी तुडवून झाली होती, डोंगराकडं ढग जमत होते, आणि दाण्यातलं भूस उडवून उपणायला वाऱ्याची झुळूक न्हाई. उपणायची उंच तिपाई, तिला आमी वावडी म्हणतो, तिच्यावर चढून मी सांगून टाकलं, रास उपणल्याबिगर उतरणार न्हाई. चुलता बांधावरून हसला, “वारा काय तुझा सालगडी हाय व्हय, हाक मारली की यायला?” सगळे सावलीला गेले. मी उभाच. पाय भरून आले, पण बोललो ते बोललो. ऊन कलल्यावर बायको आली. “आवं, उतरा, भाकर खाऊन घ्या.” “न्हाई.” मग तिनं उपणायच्या पाटीतच भाकर-ठेचा ठेवून पाटी वर दिली. घास तोंडात होता तेवढ्यात बांधावरचा लिंब सळसळला. ती नुसती हसली आणि तुडवलेली ज्वारी उपणायला पाट्यांत भरायला वाकली. पाऊस यायच्या आत रास घरात आली. यंत्राला आता वाऱ्याची वाट बघावी लागत न्हाई. मी मात्र अजून कशावर तरी अडून बसतो. म्हातारी उतरा म्हणत न्हाई, भाकर तेवढी आणून देते.