तांदळाच्या कणीएवढी माशी

रहाटणीत एका गॅरेजच्या वर, पत्र्याच्या खोलीत आम्ही सहा जणी खोट्या माश्या बांधायचो. परदेशात हौसेनं मासे धरणारे लोक आमिष म्हणून त्या वापरतात. चिमट्यात गळ अडकवायचा, त्यावर बारीक दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोन केस शेपटीसारखे बांधायचे. शेवटी गाठ आणि गाठीवर व्हार्निशचा थेंब.

शिफ्ट एक वाजता सुटायची आणि दोनला माझं कॉलेज. अशी वेळ जमणारं दुसरं काम मला मिळालं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. हे काम गेलं असतं तर कॉलेजही गेलं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आमच्यातल्या वयानं सगळ्यात मोठ्या त्या काकू. त्या खिडकीशी बसायच्या. त्या इथल्याच, जुन्या गावातल्या. सगळ्यांना काम त्यांनीच शिकवलं होतं. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं.

"कॉलेजवाले, तू पुस्तक धर. पीस आमी धरतो."

मी पिशवीतून वही काढली की म्हणायच्या, "सायब आले गं, खुर्ची द्या."

बाकीच्या हसायच्या. मीही काही साधी नव्हते. त्यांच्या बाटलीतलं पाणी मी कधी घेतलं नाही. त्या 'न्हाई' म्हणाल्या की मी मुद्दाम ठासून 'नाही' म्हणायचे. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

मग नवी ऑर्डर आली, ती काकूंच्या आणि माझ्या वाट्याला. गळ तांदळाच्या कणीएवढे. शेठनं दोन भिंगाचे दिवे आणले. एक मी घेतला. काकूंनी दुसरा ढकलून दिला. "भिंग लावायला मी काय म्हातारी झाली व्हय?"

पूर्वीच्या मोठ्या गळांवर व्हार्निश थोडं जास्त झालं तरी चालायचं. या गळांवर तेवढाच थेंब पुढच्या नेढ्यात शिरायचा आणि नेढं बुजायचं. मग मासे धरणाऱ्यानं दोरी ओवायची कुठून? काकूंची नेढी बुजतायत, हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं. आम्ही दोघी एकाच थर्माकोलवर माल टोचत होतो, शेजारी शेजारी. मला सांगता आलं असतं. मी आठवडाभर गप्प राहिले. पडू दे तोंडावर, असं मनात म्हणत राहिले.

तोंडावर पडायची वेळ माझ्यावर आली. शेठनं आमचं थर्माकोल उचललं, भिंगाखाली एकेका नेढ्यात तार घालून पाहिली. निम्म्यांत तार जाईना.

"कुणाच्या आहेत या?"

"हिच्या," काकू लगेच म्हणाल्या. "ध्यान हाय कुठं हिचं? सगळं कॉलेजात."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला.

मला बोलायची सवय नाही. वर्गातही मी हात वर करत नाही. पण तेव्हा माझा आवाज सगळ्या खोलीत ऐकू गेला. "काकूंना तार घालायला सांगा. चांगल्या नेढ्यात. भिंगाशिवाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग तार घेतली. हात जराही कापत नव्हता. तार नेढ्याच्या बाजूनं गेली. पुन्हा बाजूनं. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठ्यानं नेढं चाचपलं आणि गळ बोटात रुतला.

"राहू द्या हो काकू," एक बाई म्हणाली.

"गप बस."

त्यांनी गळ उपसला, रक्त पदराला पुसलं आणि तार टेबलावर ठेवली. शेठ त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काकू, उद्यापासून पॅकिंगला बसा." मग माझ्याकडे वळून, "तू खिडकीशी बस."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेले. स्टूल त्यांच्या उंचीचं होतं, माझे पाय जमिनीला टेकेनात. मागून, पॅकिंगच्या टेबलावरून आवाज आला.

"बस की. उजेड गोड लागतोय न्हवं?"

त्यांचं दुखलेलं बोट चिंधीत बांधलेलं होतं. मी आठवड्यापूर्वीच सांगितलं असतं तर, हे अगदी माझ्या तोंडाशी आलं.

"हो," एवढंच मी म्हणाले, आणि चिमट्यात गळ अडकवला.