अर्धा तास अनुभव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देशात परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि मी परळीच्या वीजकेंद्रातली इंजिनिअरची नोकरी सोडून बोत्सवानात शाळामास्तर व्हायला निघालो होतो. तिथल्या शाळेला पाच वर्षांचा अनुभव हवा होता. मी एक दिवसही शिकवलं नव्हतं. तरी बीडच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला अर्ज सांगताना म्हणालो, "शिकवण्याचा अनुभव पाच वर्षं, असं टाका."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, तारंवर बसलेलं पाखरू मरत कावून न्हाई?"

मी विभवांतर समजावलं. "न्हाई समजलं." सर्किट काढून दाखवलं. "न्हाई." मागे माणसं खोळंबली होती. शेवटी म्हणालो, वीज पाण्यासारखी, उतार असला तरच वाहते; पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच पातळीवर. त्याने टेबलाच्या कडेवर दोन बोटं उभी केली, बराच वेळ पाहिली. मग चष्मा खाली घेऊन टाइप केलं: शिकवण्याचा अनुभव, अर्धा तास.

"अहो, लोकांचं खोटं टाइप करता की रोज!"

"करतो की. कोर्टातलं खोटं समोरचा वकील धरतो. तुमचं खोटं लेकरं खरं समजून घरी नेतेत."

मी तो कागद खिशात घातला आणि शेजारच्या टेबलाकडे गेलो. तिथल्या टायपिस्टने मान वर न करता पाच वर्षं टाइप केली. नोकरी मिळाली.

तिकडे पहिल्या तासाला मी तारेवरचं पाखरू शिकवलं. मला तेवढंच शिकवता येत होतं.