राधानगरीच्या काठावर पेंडीचं पातेलं

मासे धरायला राधानगरीला जायचं, हे दाजींनी धार काढता काढता ठरवलं. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. गडमुडशिंगीत त्यांचा म्हशींचा गोठा आहे आणि आवाज असा, की शेजारच्या गल्लीलाही दूध किती निघालं ते कळतं. दोन हजार तीनचा जानेवारी होता, गुऱ्हाळं ऐन भरात होती.

अंधारातच मोटरसायकल काढली. हळदी, भोगावती करत तासा-दीड तासात पोचतो आपण, पण तेव्हा शेवटच्या टप्प्यात रस्ता कमी आणि खड्डे जास्त होते. वाटेत एका गुऱ्हाळावर दाजींनी ताजी काकवी मागून घेतली. शेंगदाण्याची पेंड काकवीत मळून गळाला लावली की रोहू येणारच, हा त्यांचा सिद्धांत.

राधानगरीत गरम भजी आणि चहा घ्याच; तेव्हा दहा रुपयांत दोघांचं भागलं. टपरीवाल्या काकांनी बजावलं, "पावणं, गवं उतरत्यात पान्यावर. दिसला तर लांबच ऱ्हावा."

"जलम गेला माझा म्हशीत," दाजी म्हणाले. "जनावराचं मला काय सांगतासा?"

अभयारण्यात मासे धरायला मनाई आहे, म्हणून आम्ही हद्दीबाहेर, गावात विचारून धरणाच्या फुगवट्याच्या काठावर बसलो. पाण्यावर दाट धुकं होतं. पेंडीचं पातेलं मागे चढावर ठेवलेलं. तासभर गळ हलला नाही, आणि मग पाठीमागून पातेलं खडखडलं.

वळून पाहिलं तर धुक्यात एक काळी पाठ, तोंड पातेल्यात.

"कुनाची म्हस ही? पेंड खाल्ली की सगळी!" म्हणत दाजी तरातरा चढले आणि गोठ्यात मारतात तशी तिच्या मांडीवर थाप मारली. "सर की मागं!"

तेवढ्यात धुकं जरा हललं. मला पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे. मग खांदा दिसला, दाजींच्या डोक्याच्याही वर. "दाजी," मी कसंबसं म्हणालो, "गवा हाय."

दाजींचा हात तिथंच राहिला. आक्काला काय सांगू, एवढंच माझ्या मनात आलं. गव्याने तोंड वर केलं, नाकपुड्यांतून वाफ सोडली आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. शिंगं हातभर अंतरावर होती. एवढं मोठं, एवढं शांत जिवंत काही मी आजवर पाहिलेलं नाही. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याने जिभेने ओठ पुसले आणि सावकाश झाडीत निघून गेला. त्याचं वजन पायाखालच्या मातीत जाणवत होतं.

आम्ही गळ गुंडाळले. तुम्ही गेलात तर पेंड उघड्यावर ठेवू नका आणि धुक्यात कुठल्याही म्हशीला आपली समजू नका.

घरी आक्काने रिकामी पिशवी पाहिली, हसली आणि ताटं वाढली.

"हात धुवा की," ती म्हणाली.

दाजी उजवा तळवा मांडीवर उघडा ठेवून त्याच्याकडे बघत होते.

"धुतो की," ते हळूच म्हणाले. "जरा दम धर."