दाराजवळचा हात

सुकोथचा सण जवळ आला की मला धास्ती वाटते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सणाच्या तयारीची जिला धास्ती वाटते तिला लोक वेडी समजतात, आणि आमच्या घरात तो मान आधीच माझ्या नवऱ्याकडे आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. वडिलांना केंद्र सरकारची नोकरी लागली आणि आम्ही दिल्लीकर झालो. आर. के. पुरमला तळमजल्यावर क्वार्टर, मागे हातरुमालाएवढं अंगण. सुकोथला वडील तिथं सुक्का, म्हणजे सणाचा मांडव उभा करायचे. चार बांबू, तीन बाजूंना चादरी, वर केळीची पानं, मधून आकाश दिसेल इतपत विरळ. आठवडाभर जेवण त्यातच. शेजारी विचारायचे, "घर में शादी है क्या?" वडील शांतपणे म्हणायचे, "हाँ जी, सात दिन की."

सजावट आम्हा मुलांकडे असायची. पुठ्ठ्यावर आपला हात ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, कापायचा, रंगवायचा, वर चमकी. दर वर्षी नवे हात व्हायचे आणि जुनेही लागायचे, त्यामुळे चादरीवर हातांची रांगच असायची. संध्याकाळी वारा सुटला की चादर हलायची आणि सगळे हात एकदम हलायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही.

धाकटी बहीण पाच वर्षांची झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा आपला हात एकटीनं काढला. रंग गुलाबी. वडिलांनी तो दाराच्या बांबूला, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर दोऱ्यानं बांधला. त्या हिवाळ्यात ती तापानं गेली.

पुढच्या वर्षी सजावटीचा खोका माळ्यावरून मी काढला. पावसाळ्यात माळ्यावरच्या भिंतीतून पाणी झिरपलं होतं. तिचा हात सगळ्यात वर होता. मी तो अलगद उचलला तर तळवा हातात आला आणि बोटं खोक्यातच राहिली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आधी तिचा लाव गं."

मी दहा वर्षांची होते. आईला हे दाखवायचं नाही, एवढं एकच मला कळलं. पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन मी बाहेर पळाले. जिन्यात वरच्या मजल्यावरची पाचेक वर्षांची मुलगी बसली होती. मी म्हटलं, "हाथ रख." तिनं ठेवला. पेन्सिलीनं गुदगुल्या झाल्या तशी हसली. अर्ध्या तासात गुलाबी हात दाराला टांगलेला होता.

आमच्यात हातबोशी असते. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. प्रार्थना झाली की सगळे एकमेकांना असे भेटतात. त्या संध्याकाळी सुक्क्यात येताना आई दारात वाकली. पुठ्ठ्याचा तो हात तिनं तळव्यांत घेतला, बराच वेळ धरला, मग बोटं ओठांना लावली. नंतर माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मी सुटले, असं मला वाटलं.

चार दिवसांनी वरची मुलगी खेळायला यायची थांबली. ताप आहे, असं तिची आई म्हणाली. दिवाळीच्या आत त्यांची बदली झाली. मी शाळेतून आले तेव्हा वरच्या दाराला कुलूप होतं. मुलगी बरी झाली का, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. जिवंत मुलीचा हात मी मेलेल्या मुलीच्या जागी टांगला होता, आणि तो धरला गेला होता. दहाव्या वर्षी मला याचा एकच अर्थ लागला, की तीही गेली. सत्तावन्नाव्या वर्षीही दुसरा लागलेला नाही.

आता वडील नाहीत, आई माझ्याकडे नोएडाला असते आणि सुक्का आमच्या गच्चीवर उभा राहतो. गुलाबी हातही इथं आला. इतक्या वर्षांत मी त्याला पुन्हा शिवलेली नाही. आधी वडील बांधायचे, आता नवरा बांधतो. आई मात्र दर वर्षी वाकते आणि हातबोशी करते.

यंदा पाच वर्षांची नात आली होती. तिनं आपला हात काढला, निळा रंगवला आणि हुकूम सोडला, "आजी, मेरा वाला पण लाव ना." मी तो चादरीवर टाचला. ऊन नुकतंच उतरलं होतं. खालच्या सप्तपर्णीचा तो गोड, डोकं चढवणारा वास गच्चीपर्यंत आला होता. आई खुर्चीत बसून बघत होती.

"हिचा अंगठा बघ," आई म्हणाली.

रांगेतल्या सगळ्या हातांचे अंगठे उजवीकडे होते, नातीचा डावीकडे. साधी गोष्ट होती. आम्ही सगळे उजव्या हातात पेन्सिल धरणारे, म्हणून पुठ्ठ्यावर डावा हात. नात डावखुरी, म्हणून तिचा उजवा.

"तिचाही असाच होता," आई म्हणाली.

मी दाराकडे बघितलं. गुलाबी हाताचा अंगठा उजवीकडे होता. बहीण डावखुरी होती, हे मी दहाव्या वर्षी त्या घाईत विसरले होते.

नात खाली गेल्यावर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मी माझ्या पोरीचा हात ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग तो काढावा लागला असता."

मग मी सगळं सांगून टाकलं. जिना, ताप, बदली, दाराचं कुलूप. सांगताना रडले, या वयात. आईनं ऐकून घेतलं.

"ती वरची पोर जिवंत आहे," आई म्हणाली. "दर वर्षी धरते ना मी, तर तो हात गरम लागतो. जिचा आहे ती असल्याशिवाय लागेल का? मी तुला आज सांगतेय, पण मला कधीपासून माहीत आहे." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "यंदा माझ्यानं वाकवत नाही. तू कर."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी दारात वाकले. आधारासाठी बांबू धरला, तो दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. बाजूची चादरही कोमट होती. मी पुठ्ठ्याचा हात दोन्ही तळव्यांत घेतला. तो गार होता. मी धरून ठेवला, आईएवढा वेळ, त्याहूनही जास्त. गारच राहिला.

बोटं ओठांना लावून मी सरळ झाले.

"गरम आहे," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.