बिनपंख्याचा कॉम्प्युटर

आमच्या लुकांग गावच्या संगीतमंडळाचा जुना कॉम्प्युटर धुपाच्या धुरानं मेला. मंडळ देवळात बसतं, लोंगकून या संगीताच्या देवासमोर. वाजवायच्या आधी धूप पेटवायचा, ही पूर्वापार रीत. होंग बूनहोनं त्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, तेव्हा आतला पंखा तेलकट काजळीनं इतका माखलेला, की बोट लावायची सोय नाही. शेवटी शेवटी तर त्याची घरघर बासरीच्या वर जायची.

बूनहो म्हणजे आमचा पिपावादक. ते चार तारांचं वाद्य मांडीवर आडवं धरून बसला की अगदी पोचलेला बुवा वाटतो, नाहीतर भलताच घोळ घालणारा माणूस. साधा बल्ब घ्यायचा तरी तीन दुकानं पालथी घालणार. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, म्हणून नवीन कॉम्प्युटरचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. तयार घ्यायचा तर वर्गणी पुरत नव्हती. सुटे भाग आणून जोडायचा असं ठरलं.

आणि घाई होती ती किमताईंची. किमताई आमच्या गायिका, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्याकडे एक निरोपाचं गाणं आहे, संथ, जवळजवळ अर्धा तास चालणारं. पोथीत त्याचे सूर आहेत, पण श्वास कुठं धरायचा आणि कुठं सोडायचा, ते गुरूच्या तोंडूनच घ्यावं लागतं, आणि ते घेतलेलं माणूस आता एकच उरलंय. ताईंच्या फुप्फुसात डाग निघाला. ऑपरेशन सोमवारी, ताइचुंगला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, गळ्याचं सांगता येत नाही. म्हणून त्याआधी गाणं रेकॉर्ड करायलाच हवं होतं. मोबाइलवर घेऊन पाहिलं, तर ताईंचा सूर बारीक झाला की मोबाइल त्याला कचरा समजून गाळून टाकायचा. आता बोला!

बूनहोला रात्रंदिवस एकच ध्यास. कॉम्प्युटर देवासमोरच राहणार, म्हणजे धूर आलाच. पंखा असला की तो धूर आत ओढणार आणि वर गुरगुरणार. मग पंखाच नको! कमी तापणारा प्रोसेसर घ्यायचा, त्याच्यावर पत्र्याच्या पात्यांचा मोठा ठोकळा बसवायचा, आणि वीज पुरवणारा डबा बाहेर ठेवायचा. कॉम्प्युटरवर खेळ खेळायला लागतं ते ग्राफिक्स कार्ड कुणाला हवंय? ते वाचलं की त्या पैशात चांगला माइक येतो. हा विचार सुचला त्या दिवशी स्वारी शिंपल्यांच्या ऑम्लेटच्या गाड्यावर एकटीच हसत बसली होती.

पण आमचे अध्यक्ष लियाव मध्ये आडवे आले.

"अरे बूनहो, कॉम्प्युटरला बाहेरून काळी पेटी काय आणतोस? देणगीदार येतात, त्यांना दिसायला नको? काचेची आण, आत दिवे चमकणारी."

"साहेब, ते दिवे पंख्यांत असतात. पंखे नकोत म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"मग देवालाच विचारू."

देवाला विचारायचं म्हणजे कौल. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार, आणि तो लागोपाठ तीनदा यावा लागतो. अध्यक्षांनी गुडघे टेकून विचारलं, "देवा, काचेची पेटी घेऊ का?" आणि देवानं तिन्ही वेळा होकार दिला. अध्यक्षांची छाती दोन इंच फुगली. बूनहोचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी तो ताइचुंगला गेला. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या यीच्युनला तो तिच्या लहानपणापासून ओळखतो. तिच्या बापाकडून तो टीव्हीचे भाग न्यायचा.

"काका, काचेची पेटी घेता आणि पंखे काढायला सांगता? अख्ख्या महिन्यात असं गिऱ्हाईक नाही पाहिलं."

"देवानं पेटीला हो म्हटलंय. पंख्यांचं कुणी विचारलंच नाही."

ती हसली. "मग देवाला फसवताय म्हणा की."

"देवाला नाही गं. अध्यक्षाला."

तिनं पंखे काढून घेतले, त्यांच्या बदल्यात काचेच्या आतून चिकटवायची दिव्यांची पट्टी दिली, आणि मेमरी थोडी कमी घ्या, नंतर वाढवता येईल, असा शहाणपणाचा सल्ला दिला. त्यातून वाचलेल्या पैशात माइकला स्टँड आला. बूनहो घरी आला आणि जेवणखाण विसरून जोडणीला बसला. बटण दाबल्यावर पेटी उजळली, पण आवाज म्हणून नाही. त्यानं कान लावून ऐकलं, काहीच नाही. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

रविवारी दुपारी मंडळ जमलं. अध्यक्ष पेटीकडे पाहून खूश, बूनहो शांततेवर खूश. धूप पेटला. किमताई रिवाजाप्रमाणे मधोमध बसल्या, देवाकडे तोंड करून, हातात तालाच्या लाकडी पट्ट्या घेऊन. धूपदाणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. बूनहोनं माइक सरकवला, पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ सपाट आहे हे पाहिलं, आणि पिपा मांडीवर घेतला.

ताईंनी पहिली ओळ घेतली. दुसरीत त्यांना खोकला आला. त्यांनी हात करून माफी मागितली, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी खोकला थांबेचना. रुमाल तोंडाशी धरून त्या वाकल्या, आणि त्यांचे खांदे हलताना बूनहोला दिसले. धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस आपण धुराचाच विचार करत होतो. एका निर्जीव डब्यात धूर जाऊ नये म्हणून दुकानं पालथी घातली. आणि ही बाई, जिच्या छातीत डाग आहे, तिला आपणच आणून धुरात बसवलं. कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्याही आलं नाही.

"ताई, बोलला का नाहीत?" तो म्हणाला.

"साठ वर्षं याच धुरात गायले रे. देवापुढं धूप नको, असं कसं म्हणायचं?"

बूनहो उठला. त्यानं टॉवेल घेतला आणि पेटती धूपदाणी सरळ उचलली.

"काय करतोस?" अध्यक्ष ओरडले. "आधी कौल तरी लाव!"

"नाही लावत. देव नाही म्हणाला तर मी ऐकणार नाही, मग विचारू कशाला? धरा."

धूपदाणी अध्यक्षांच्या हातात आली. देवाची वस्तू जमिनीवर ठेवता येत नाही, आणि आत ठेवायची सोय नव्हती. अध्यक्ष दोन क्षण घुटमळले, एकदा ताईंकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बाहेर गल्लीत जाऊन उभे राहिले. बूनहोनं दारं-खिडक्या उघडल्या, धूर निघून जाईपर्यंत सगळे थांबले, मग दारं-खिडक्या पुन्हा लावून घेतल्या.

त्यानंतर ताई गायल्या. अर्धा तास त्यांचा सूर कधी केसाएवढा बारीक झाला, पण तुटला नाही. श्वास कुठं धरला, कुठं सोडला, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बासरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. बाहेर अध्यक्ष धूपदाणी या हातातून त्या हातात घेत उभे होते.

शेवटचा सूर विरला. ताईंनी पट्ट्या खाली ठेवल्या.

"घेतलं का रे सगळं?"

बूनहोनं हेडफोन लावून सुरुवात ऐकली, शेवट ऐकला. "सगळं आलं, ताई."

"मग आणा आता धूप आत. देव कधीचा ताटकळलाय." त्या हसल्या. "आता खोकला आला तरी कुणाचं अडत नाही."

बूनहोनं हेडफोन काढून ठेवला आणि ताईंना उठायला हात दिला.

"आधी तुम्हाला घरी सोडतो," तो म्हणाला. "मग आणतो."