आर्डिथ आज कुणाशेजारी बसणार

प्लम रिव्हर गावात आर्डिथ झाब्का शेजारी येऊन बसली की भल्याभल्यांना खुर्ची सोडून पळावंसं वाटायचं. बाई वाईट नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेली, बुटकी, सत्तरी ओलांडलेली विधवा. थंडीत नवऱ्याचा जुना कोट अंगात आणि त्याच्या बाह्या दुमडलेल्या. पण ती रोज सकाळी आधी कोर्टाच्या इमारतीत जायची, शेरीफच्या ऑफिसच्या काचेवर आतून चिकटवलेली कैद्यांची यादी वाचायची, आणि मगच ब्लू बेल कॅफेत कॉफीला यायची. यादीत ज्याच्या घरचं नाव असेल त्याच्या शेजारची खुर्ची ओढायची, दोघांसाठी कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, मागवायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायची. नाव कधी काढायची नाही. तो माणूस मुकाट्याने कोलाच संपवायचा, टोपी घालायचा आणि कोर्टाकडे निघायचा. बाकीचे आपापल्या कपात डोकावत बसायचे, जणू कुणाला काही कळलंच नाही.

यादीत गुपित असं काही नव्हतं. बेअर्ड काउंटीत कुणाला आत टाकलं की त्याचं नाव, वय आणि आरोप कागदावर येतो, कागद काचेवर लागतो, आणि वाटेल त्याने तो वाचावा. पण वाचायला जाणार कोण? काचेपुढे कुणी उभा दिसला की त्याच्या घरी काहीतरी शिजतंय, हे गाव लगेच ताडणार. आर्डिथच्या घरी तिच्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं. मूलबाळ नाही, नवरा मिलो जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे ती बिनधास्त काचेला नाक लावायची.

आणि नाक तिचं होतंच तसं, जिथे तिथे खुपसलेलं. शववाहिका गावातून जाताना दिसली तर हात करून थांबवायची आणि आत कोण आहे ते विचारायची. दुकानात सूपचा डबा हातात घेतला तर त्याच्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचून काढायची, मागे रांग तुंबली तरी. यादीच्या नादाला मात्र एक कारण होतं. ती तरुण असताना तिचा धाकटा भाऊ एमिल दारू पिऊन गाडी हाणताना पकडला गेला. शनिवारी पकडला, आणि रविवारी ही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून मोठ्या आवाजात गात होती. मागचे सगळे बाक तिच्या पाठीकडे बघत होते. अख्ख्या गावाला ठाऊक, फक्त तिला नाही. ती लाज तिला अजून झोंबायची. आपल्या माणसाची बातमी आपल्याला सगळ्यांत शेवटी कळू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी गावाने तिला भोचक म्हटलं तरी तिची हरकत नव्हती.

त्या वसंतात कॅफेत एक नवाच विषय निघाला होता. शेरीफच्या एका डेप्युटीने चर्चच्या तळघरात म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमवून भाषण दिलं होतं. भामटे फोन करतात, तुमचा नातू तुरुंगात आहे, पैसे पाठवा म्हणतात, आणि आजी-आजोबा घाबरून पाठवतात. तेव्हा तुरुंग हा शब्द ऐकला की फोन ठेवून द्यायचा. कॅफेत रोज बसणाऱ्या लाइल हावरानेकने हे भाषण तोंडपाठ केलं होतं.

"आज पुन्हा आला," तो कॉफीचे पैसे कुणी द्यायचे याचे फासे खुळखुळवत म्हणाला. "मशीनचा आवाज. 'लँगफर्ड काउंटीच्या तुरुंगातून फोन आहे.' मी म्हटलं, तुझ्या बापाला सांग. आणि आपटला."

"मलाही येतात," त्याच्या समोर बसलेला ओर्विल म्हणाला. "मीही आपटतो."

"नाव सांगायच्या आत आपटायचा, ओर्विल. नाव ऐकलं की माणूस पाघळतो."

सगळे हसले. ओर्विलही हसला. त्याची लेक कुठे असते, हे त्याला कुणी विचारत नसे.

"अरे, पण लँगफर्डच का?" आर्डिथने विचारलं. "भामट्याला काय, मोठ्या शहराचं नाव घेता येत नाही?"

"तू आता चोरांची पण चौकशी कर," लाइल म्हणाला. "पुढच्या वेळी आला की तुझा नंबर देतो त्यांना."

आर्डिथ हसली, पण तो प्रश्न कोलाचमधल्या खसखशीसारखा तिच्या दातात अडकून राहिला.

दोन दिवसांनी ती कोर्टात पोचली तेव्हा काचेपुढे लाइल उभा होता. टोपी हातात. लाइल हावरानेक काचेपुढे, आणि तेही दिवसाढवळ्या, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं होतं. त्याचा मुलगा डेल पूर्वी तुरुंगात गेला होता, तेव्हा लाइलने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तुरुंगातला फोन या घरात घेतला जाणार नाही. डेलने पुढे गाव सोडलं तो परत आला नाही. त्याची लहान पोर ब्रेना लाइलनेच वाढवली.

"चष्मा विसरलो," तो म्हणाला. "जरा बघ."

"कुणाचं नाव बघू?"

त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "ब्रेनाचं. रविवारी जेवायला आली नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते ना, तिथे विचारलं, तिथेही नाही. मोबाइल बंद. घराला कुलूप, गाडी नाही."

आर्डिथने यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. "नाही रे. यादीत नाही, म्हणजे आत नाही."

एरवी हे वाक्य ऐकून माणसं मोकळा श्वास घ्यायची. लाइलने भिंतीला हात टेकला.

"असती तर बरं झालं असतं, आर्डिथ," तो म्हणाला. "नदी बघितलीस? पुलाच्या पार वर आलीय. रोज तिथूनच कामाला जाते पोर."

 काही सुचलं नाही की आर्डिथ वाचायची, म्हणून तिने पुन्हा यादी वाचली. कर्टिस, डॉयल, हेक्टर, लेलँड. सगळे पुरुष. कालही सगळे पुरुषच होते. मागच्या आठवड्यातही. बेअर्ड काउंटीतल्या बायका एकाएकी सुधारल्या की काय? एवढी वर्षं रोज वाचते आहे आणि ही यादी नेमकी कसली, हे आपण कधी विचारलंच नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने खिडकीवरची घंटा वाजवली.

आतून कॉलीन आली. ती शेरीफच्या ऑफिसात फोन आणि कागदपत्रं बघायची; शाळेत असताना आर्डिथच्या हातचं जेवलेली.

"काय गं कॉलीन, ही यादी कुणाची?"

"इथे कोण राहतंय त्यांची. आमच्या खाटांवर."

"म्हणजे पकडलेल्यांची नाही?"

"ती वेगळी, आर्डिथ. रोज कुणाकुणाला अटक झाली त्याची नोंद असते. सगळ्यांना खुली आहे, मागितली की दाखवते. पण मागतंय कोण? तुम्ही तर रोज येता, काच वाचता आणि मला हात करून जाता."

"बरं, आणि बायका कुठे गेल्या?"

"थंडीत पाइप फुटले ना आमचे, तेव्हापासून बायकांना इथे ठेवतच नाही. अटकेची नोंद इथे होते आणि मग त्यांना पाठवतो. दुसरीकडे खाटा भाड्याने घेतल्यात."

"कुठे?"

"लँगफर्डला."

आर्डिथने मागे वळून बघितलं नाही. तिची हिंमत झाली नाही. मागून लाइलचा आवाज आला, पण तो लाइलचा वाटेना. "ती नोंद दाखव."

कॉलीनने वही खिडकीवर उलटी फिरवून ठेवली. ब्रेना हावरानेक. परवाना रद्द असताना गाडी चालवली. कोर्टाच्या तारखेला हजर नव्हती. रवानगी लँगफर्ड. परवान्याशिवाय गाडी घेऊन कोर्टाच्याच दारात जायचं कसं, म्हणून ती तारखेला गेली नव्हती. नोकरीवर मात्र जात राहिली आणि सापडली.

"जिवंत आहे," आर्डिथ म्हणाली.

लाइलने मान हलवली. "मी फोन आपटत होतो," तो म्हणाला. "तिचा."

कॉलीनला काही कळेना. आर्डिथने तिला थोडक्यात सांगितलं. कॉलीनने कपाळाला हात लावला. तुरुंगात बाहेरून फोन लावता येत नाही, ती म्हणाली, आणि भेट रविवारीच. न्यायाधीशांपुढे सोमवारी नेतील, तेव्हा बहुतेक सोडतील. तोवर तिनेच फोन करायला हवा.

"करील?" लाइलने विचारलं. कॉलीनने वही मिटून आत घेतली.

लाइलच्या स्वयंपाकघरात फोन भिंतीवर होता. आर्डिथने कॉफी ठेवली, मग त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. आज तिच्याकडे सांगायला काही नव्हतं आणि कोलाचही नव्हते. लाइल फोनकडे बघत बसला. डेलच्या वेळी आपण काय बोललो ते पोरीने ऐकलं होतं, असं त्याने दोनदा सांगितलं. तेव्हा ती एवढीशी होती, टेबलाखाली बसली होती.

दुपारी फोन वाजला. लाइल धडपडत उठला. कुणीतरी गाडीचा विमा विकत होतं. लाइलने त्याचं सगळं म्हणणं मुकाट ऐकून घेतलं, फोन ठेवायचा त्याला धीरच होईना. शेवटी म्हणाला, "बाबा रे, तुझ्या पाया पडतो, लाइन मोकळी कर."

ऊन खिडकीतून सरकत भांड्यांवर आलं तेव्हा पुन्हा वाजला. मशीनचा आवाज आर्डिथलाही ऐकू आला. लँगफर्ड काउंटीच्या तुरुंगातून फोन आहे. मग एक छोटी मोकळी जागा, आणि त्या जागेत एका पोरीने दमलेल्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलेलं. घ्यायचा असेल तर पाच दाबा. लाइलचं बोट पाचावर नीट बसेना. आर्डिथने त्याचं मनगट धरलं आणि त्याने दाबलं.

"देदा?" त्यांच्या चेक घरात आजोबांना असंच म्हणत.

"हो गं."

"घेतलात तुम्ही."

"हो."

"मला वाटलं, म्हणाला होतात तसंच करताय. बाबांच्या वेळी म्हणाला होतात ना. मी ठरवलं होतं, आता हा शेवटचा."

लाइलचा चेहरा वेडावाकडा झाला. "नाही गं पोरी," तो म्हणाला. "मी हुशारी करत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिथ कॅफेत आली तेव्हा सगळे नेहमीसारखे कपात बघायला लागले. आज ही कुणाची खुर्ची ओढते, एवढंच सगळ्यांच्या मनात. लाइलने पायाने स्वतःच्या शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

"बस," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. प्लम रिव्हरमध्ये हे आजवर कुणी केलं नव्हतं. "माझी ब्रेना लँगफर्डच्या तुरुंगात आहे. सोमवारी सुटेल. फोन करत होती बिचारी, आणि मी इथे बसून फुशारक्या मारत होतो. तुरुंगातून फोन आला तर आधी नाव ऐका. पैसे मागितले तर ठेवा, पण नाव ऐका."

कुणी हसलं नाही. फासे कुणी उचलले नाहीत. ओर्विलने कप खाली ठेवला, आणि तो बशीवर नीट बसला नाही.  मग त्याने टोपी घातली आणि तो उठला. कॉफी अर्धी तशीच होती.

आर्डिथ नुकतीच बसली होती. तिने दुमडलेल्या बाह्या पुन्हा वर सारल्या आणि उभी राहिली.

"थांब, ओर्विल," ती म्हणाली. "काचेवरची यादी नको बघू. कोणती नोंद मागायची ते मी सांगते."