मार्कंड्याच्या वाळूतला बेल

मी माझ्या लेकीला टाकून यायला मार्कंड्याला गेले होते. हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. मनात आनंद असा उसळतो आहे की थांबवत नाही, कारण त्या दिवशी जे घडलं ते सांगायची घाई मला कित्येक वर्षांची आहे. सांगायला बसले की दर वेळी ही पहिलीच ओळ आडवी यायची. आता वय झालं, लाजही म्हातारी झाली. देवाला सगळं ठाऊकच आहे, मग माणसांपासून तरी किती दिवस झाकायचं!

आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूला. चारही अंगांनी जंगल आणि मधोमध धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझी कली तेव्हा सात वर्षांची होती. नाव चंद्रकला, पण हाक कशीही मारा, मान वळवायची नाही. एक शब्द बोलायची नाही, डोळ्याला डोळा द्यायची नाही. ओसरीवरच्या वहाणा रांगेत लावायची आणि त्यातली एक जरी कुणी हलवली तर भिंतीवर डोकं आपटायची. लग्नाचा बाजा वाजला की कान दाबून अशी किंचाळायची की वाजंत्री वाजवणारे थांबून बघत राहायचे. आज शहरातले डॉक्टर अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, असं माझा भाचा सांगतो. आमच्याकडे तेव्हा दोनच शब्द होते. चांगल्या मनाचे लोक 'बाधा' म्हणत, बाकीचे सरळ 'येडी' म्हणत.

उपाय काय कमी केले? अंगारे झाले, धुपारे झाले. चांद्याला एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी जीभ पाहिली, घसा पाहिला आणि सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक आहे, तर मग बोलत का नाही, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. एका जाणत्यानं पोटावर डागायला सांगितलं आणि मी, तिच्या आईनं, तिचे हात धरले. तो डाग अजून तिच्या पोटावर आहे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागली की मी तिला घरातल्या खांबाला लुगड्याच्या पट्टीनं बांधायची आणि बांधीत जायची, कारण मोकळी सोडली तर ती जंगलात निघून जायची. चिखलात उभी राहून रोपं रोवायची आणि कान घराकडे. चार वर्षं मी धड झोपले नव्हते. सासूबाई पोरीकडे पाठ करून बसत. घरधनी भला माणूस, पण भला माणूस शेतावर असतो, घरी आईच असते.

मी तशी तोंडाची फटकळ. देवालाही सोडत नसे. "अर्धं काम करून कारागीर उठून जातो का रे?" असं महादेवाला रोज विचारायची. मग त्या माघात माझ्या डोक्यात एक विचार घुसला. देवाच्या नावानं वळू सोडतात ना, त्याला कुणी मारत नाही, कुणाच्याही शेतात त्यानं तोंड घातलं तरी लोक हात जोडतात. मी ठरवलं, पोरगी महादेवाला सोडायची. मार्कंड्याच्या देवळाशी शिवरात्रीची मोठी जत्रा भरते, तिथे लेकरं हरवतातच. हरवली म्हणायचं. घरधनी शोधतील, रडतील, मग आपण सगळे परत येऊ, आणि ज्यानं बनवली त्यानं सांभाळावी. विचार किती खुळा होता बघा! पण तेव्हा मला तो भक्तीचाच वाटत होता. नवस फेडायला जायचं आहे एवढंच मी घरात सांगितलं.

चार दिवस बैलगाडीत काढून आम्ही पोचलो. वैनगंगेच्या वाळूवर गाड्याच गाड्या सोडलेल्या, डफ, ढोल, माणसांचा नुसता कल्लोळ. कलीनं कानांवरचे हात काढले नाहीत. घरधनी बैलांना पाणी दाखवायला नदीवर गेले आणि मी तिला घेऊन देवळाकडे निघाले. वाटेवर बेल विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यात सगळ्यात शेवटी, गलक्यापासून जरा दूर, एक म्हातारी होती, गळ्यात मण्यांच्या माळा, समोर बेलाच्या डहाळ्यांचा ढीग. जंगलातल्या पाड्यावरची असावी. मी तिच्याकडून ओंजळभर बेल घेतला आणि ती गिऱ्हाइकाशी बोलत असताना कलीला तिच्या ढिगामागे सावलीत बसवलं. हातात गुळाचा खडा दिला. "इथीच बस, मी आलीच," म्हटलं. कलीनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझे पाय उचलले नसते, म्हणून तेव्हा बरंच वाटलं मला. असं वाटणारी मी आई होते.

गर्दीनंच मला आत नेलं. बेत असा होता की एक पान वाहायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं आणि गाडीकडे जाऊन रडायला लागायचं. पिंडीपाशी पोचले, हात पुढे केला. पूजेला बसलेल्या गुरवानं पान घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "बाई, हे खंडित हाये. तीन दलं पायजेत, याले दोनच हायेत." मी दुसरं दिलं. तेही फाटलेलं. तिसरं, चौथं. माझी मूठ उघडून पाहते तर सगळा बेल चुरगळून गेलेला, एक पान धड नाही! "एवढी मूठ आवळून काऊन राह्यल्या तुमी?" तो जरा हसूनच म्हणाला. "जा, चांगला बेल आणा. तुमची जागा मी ठेवतो." शेजारच्या कुणी आपल्यातलं एक पान पुढे केलं असतं तर मी तेच वाहून निघून गेले असते. अशा ठिकाणी बाया एकमेकींना पान देतातच. त्या दिवशी कुणी दिलं नाही. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याचा त्यानं लावावा, मी फक्त झालं तेवढं सांगते.

बाहेर आले. म्हातारीकडे जायचंच नव्हतं मला, दारातल्याच कुण्या बाईचा बेल घ्यायचा होता. पण दारातल्या बाया रिकाम्या हातानं बसलेल्या आणि झुंबड उडालेली ती त्या शेवटच्या ढिगापाशी! "या म्हातारीचा घ्या, एक पान खंडित निघत नाई," असं एक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता. मला वाटलं, पोरीला काही झालं असेल, किंचाळली असेल, लोक जमले असतील! मी माणसं ढकलत, शिव्या खात पुढे घुसले.

आणि काय पाहिलं मी! माझी कली त्या ढिगापाशी मांडी घालून बसली होती आणि बेल निवडत होती. इतक्या वेगानं की माझी नजर पुरेना. डहाळी उचलायची, पान खुडायचं, बोटांनी तीन दलं चाचपायची. धड असलं तर टोपलीत, सगळे देठ एकाच बाजूला. फाटकं, किडकं, दोन दलांचं असलं तर आपल्या मांडीवर. तिच्या समोर पस्तिशीचा एक दांडगा पुरुष बसला होता, तोही खाली मान घालून. तो डहाळी पुढे सरकवायचा, ती घ्यायची. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते आणि एकही डहाळी चुकत नव्हती. चारही बाजूंनी ढोल वाजत होते आणि कलीचे हात कानांवर नव्हते! मी मोठ्यानं हसले आणि त्याच दमात रडायला लागले. लोकांना वाटलं, बाईच्या अंगात आलं.

मी तिला कवटाळायला धावले तर म्हातारीनं माझं मनगट धरलं. "हात नोको लावू. बाजूले बस. तिच्यासंगं काम कर." मी बसले. एक डहाळी घेतली, पानं खुडून एका टोपलीत टाकू लागले. किती वेळ गेला कळलं नाही. मग कलीनं, माझ्याकडे न बघता, माझ्या टोपलीतलं एक फाटकं पान काढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. सात वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्यासोबत काही केलं होतं. चूक काढली होती पोरीनं माझी! एवढा आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता.

म्हातारीचं नाव मैनीबाई. तो पुरुष तिचा लेक चैतू, तोही कधी बोललेला नाही. गर्दी ओसरल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाताना मी पाह्यलं होतं. गुळाचा खडा मीबी दिला होता चैतूले. जंगलात ठेवून आली होती. अर्ध्या वाटेवरून पळत गेली परत." मी काही बोललेच नव्हते, तरी तिनं सगळं ओळखलं होतं. "मले आमच्या पेनानं परतवलं, तुले तुह्या महादेवानं. आता रडू नोको, सांगतो ते आयक." पेन म्हणजे त्यांचा देव. मी डोळे पुसले आणि ऐकू लागले.

"तुले वाटते पोर आयकत नाई. ते सारंच आयकते. म्हून तं कान दाबते. हाताले नेमाचं काम दे, मंग आवाज कमी लागते तिले." आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली जिच्यामुळे माझं आयुष्य बदललं. "आमच्या पाड्यावर असं लेकरू एकटी माय नाई सांभाळत. मोह्याच्या दिसात आज मी मोहा वेचतो, तू चैतूजवळ बस. उद्या तू वेच, मी बसतो. एकटी माय लवकर मरते, बाई. मंग लेकराले कोण?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, रोवण्यात आम्ही हेच तर करतो! आज सगळ्या बाया माझ्या बांधीत, उद्या मी त्यांच्या बांधीत. कुणी कुणाला मजुरी देत नाही, अंगाची फेड अंगानं. धानाच्या रोपांसाठी मी गावभर हक्कानं हाका मारत होते आणि पोटच्या रोपासाठी सात वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. देवाकडे तेवढं मागत राहिले, शेजारणीकडे मागायची मला लाज वाटली.

मी कलीच्या टोपलीतलं एक धड पान घेऊन पुन्हा आत गेले. गुरवानं खरंच जागा ठेवली होती. पान वाहिलं आणि काही म्हणजे काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही, इतकी मी भरून गेले होते.

गावी परतल्यावर सगळं काही सुरळीत झालं असं समजू नका. मी बायांना गोळा करून सांगितलं, तर अर्ध्या उठून गेल्या. "तिची बाधा आमच्या लेकराले लागन," म्हणाल्या. मी भांडले, हात जोडले, पुन्हा भांडले. शेवटी सासूबाई, ज्या पोरीकडे पाठ करून बसत, त्याच उठल्या. "पयला दिस माहा," म्हणाल्या. "लाखोळीची दाळ निवडून घेतो तिच्याकडून. कोणाले पाहाचं असन तं या." बाया पाहायला आल्या, निवडलेली डाळ पाहून थक्क झाल्या आणि एकेक करून दिवस वाटून घेतले. त्या पावसाळ्यात रोवण्याला मी कलीला बांधलं नाही, ती लुगड्याची पट्टी कमरेला खोचली आणि बांधीत उतरले. चिखलात उभी राहून गाणं म्हटलं मी, तेही बेसूर!

हळूहळू बातमी पसरली. दूरच्या गावांतून बाया येऊ लागल्या, काखेत, पाठीवर, हाताला धरून असंच लेकरू. आमच्या ओसरीवर मग वार ठरला. कुणी येऊन लेकराजवळ बसायचं, कुणी नुसतं बोलायचं. मैनीबाईही दोनदा येऊन गेली, चैतूला घेऊन. एका दुपारी एक तरुण बाई आली. मुलगा पाच वर्षांचा, त्यानं चावून चावून तिच्या हाताला जखमा केलेल्या. ती बराच वेळ कलीकडे बघत राहिली. कली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि धानातले खडे वेचत होती. मग त्या बाईनं हळूच विचारलं, "तुमची पोर बरी झाली का, बाई?"

"नाई," मी म्हटलं. "अजून बोलत नाई. पण बरी व्हायले ते बिमार होती कुठी? बिमार मी होती."

मुलगा कलीपासून हातभर अंतरावर जाऊन बसला होता. बाईनं खांबाला पाठ टेकली आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले, मैनीबाईच्या पेनालाही जोडले. सोपवणं कशाला म्हणतात ते मला असं उशिरा कळलं. लेकरू त्याचंच आहे म्हणून सोडून यायचं नसतं, त्याचंच आहे म्हणून चार हातांत द्यायचं असतं. तिची गाडी परत निघायची वेळ झाली, गाडीवान दारात येऊन उभा राहिला. मी त्याला खुणेनं थांबवलं. म्हटलं, बस भाऊ, चहा घे. किती वर्षांनी झोपली असेल ती, झोपू दे तिला.